एकतीस मेंढरांची जागा

“अगं, त्याला पाणी दाव! जीव चालला की त्याचा!”

शिरड शहापूरच्या त्या घरातून दुपारच्या वेळी अशी आरोळी उठली, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस शेजारीपाजारी धावत आले. येऊन पाहतात तर नामाजी खाटेवर उशीला टेकून बसलेला, त्याची सून दीपमाला कॉम्प्युटरसमोर, आणि कॉम्प्युटरवर एक काळवीट मान टाकून उभं. चौथ्या दिवसापासून कुणी आलं नाही. म्हाताऱ्याच्या खुब्याबरोबर डोकंही हललं, असं गावानं ठरवून टाकलं आणि गाव आपापल्या कामाला लागलं.

नामाजीचं डोकं ठणठणीत होतं. मोडला होता तो फक्त खुबा. पोळ्याच्या आधी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात एक कोकरू घसरलं. त्याला काढायला नामाजी उतरला, कोकरू वर आलं आणि नामाजी खाली गेला. नांदेडला ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, “बाबा, घरातल्या घरात रोज चाला, पण मेंढरांमागं जायचं आता नाव काढू नका.” नामाजीनं यातलं शेवटचं अर्धंच ऐकलं. वयाच्या तेराव्या वर्षापासून पंचावन्न वर्षं तो मेंढरांमागं चालला होता. मेंढरांमागं जायचं नसेल तर चालायचं कशाला, हे त्याला कुणी पटवून देऊ शकलं नाही. तो खाटेवर पडून राहिला.

तसा हा माणूस गोष्टीवेल्हाळ. उंच, सडपातळ, टाचांना उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडलेल्या आणि जिभेला कसलाच लगाम नसलेला. सुगी झाली की पाच-सहा गावांतले शेतकरी त्याला वाट अडवून म्हणायचे, “नामाजी, औंदा आमच्या वावरात बसवा.” रात्री मेंढरं वावरात बसवली की लेंडीखत आपोआप पडतं, दोन रात्री कळप बसला की पुढं दोन वर्षं पीक बोलतं. नामाजी कुणाकडं किती रात्री बसायचं हे मानानं ठरवायचा. ज्यानं आदल्या वर्षी कुत्रं अंगावर सोडलं त्याच्याकडं बसायचा नाही, आणि ज्याच्या बायकोनं पंचफुलाबाईला, म्हणजे नामाजीच्या बायकोला, न मागता ताक दिलं त्याच्याकडं एक रात्र जास्त.

आता त्याची एकतीस मेंढरं चुलतभाऊ कोंडीबाच्या कळपात होती. कोंडीबाची स्वतःची शंभरच्या वर, आणि राखायला तो आणि त्याची बायको एवढेच. दिवाळीनंतर तो कळप घेऊन पूर्णेच्या खालच्या अंगाला निघायचा. त्यानं सरळ सांगितलं होतं, “दादा, भाऊबीजपस्तोर सांभाळतो. म्होरं आमच्याच्यानं व्हायचं न्हाई.” म्हणजे भाऊबीज झाली की एकतीस मेंढरांचं काय करायचं ते ठरवणं भाग होतं. एक तर घरामागच्या दोन एकरात कोंडून पाळायची, नाही तर कळमनुरीच्या व्यापाऱ्याला देऊन टाकायची.

मुलगा शिवहार म्हणाला, विकू. तो हळदीचा टेम्पो चालवायचा, पहाटे वसमतला जायचा तो दिवस मावळता यायचा, आणि बोलण्यात टेम्पोच्या हॉर्नइतकाच मोजका होता. घरच्यांना वाटलं, आता नामाजी घर डोक्यावर घेणार. पण नामाजीही म्हणाला, “इका. कोंडलेलं मेंढरू म्या बघनार न्हाई. बांधून झुरवन्यापरीस गेल्याली बरी.” एवढं बोलून तो भिंतीकडं तोंड करून निजला आणि त्या दिवशी जेवला नाही. पंचफुलाबाईनं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःचंही झाकून ठेवलं.

नामाजीची खाट घराच्या पुढच्या खोलीत टाकली होती, आणि तीच खोली म्हणजे दीपमालाचं ऑनलाईन फॉर्म भरायचं केंद्र. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. सकाळभर पीकविमा, जातीचा दाखला, रेशन, पोरांचे प्रवेशअर्ज. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण सासऱ्यासुनेचं बोलणं चहा आणि भाकरीच्या पलीकडं कधी गेलं नव्हतं. सासरा खोलीत आला म्हटल्यावर दीपमालानं डोक्यावर पदर घेतला आणि उभ्यानंच फॉर्म भरायला सुरुवात केली. दोन दिवस ती बिचारी कंबर धरत उभी. तिसऱ्या दिवशी नामाजीला राहवेना.

“बस की माय. उभ्यानं कुठं फारम भरत असत्यात व्हय? म्या काय तहसीलदार हाय?”

दीपमाला बसली. त्या एका बसण्यानं पुढचं सगळं घडलं.

दुपारी नेट गेलं की लोक शिव्या घालत घरी जायचे आणि केंद्र रिकामं व्हायचं. तेव्हा दीपमाला एक खेळ उघडायची. तिच्या धाकट्या बहिणीनं तो कॉम्प्युटरमध्ये घालून दिला होता. त्यात आपलं आपण प्राणिसंग्रहालय बांधायचं: कुंपण घालायचं, झाडं लावायची, पाणी सोडायचं, जनावरं आणायची, आणि ती बघायला माणसं येतात त्यांना रस्ते करून द्यायचे. प्रत्येक जनावरावर एक पट्टी दिसायची. जागा पुरेशी, खाणंपाणी बरोबर, जोडीला सोबती, लपायला आडोसा, असं सगळं जमलं की पट्टी हिरवी. काही कमी पडलं की पिवळी, मग तांबडी. इंग्रजीत तिला काहीबाही नाव होतं. दीपमाला तिला समाधानाची पट्टी म्हणायची.

सासऱ्याला दिसू नये म्हणून ती स्क्रीन तिरपा करून खेळायची. पण पंचावन्न वर्षं रानात नजर लावून बसलेल्या माणसापासून जनावर लपवणं सोपं नाही. एके दिवशी खाटेवरून आवाज आला, “ते काळवीट काहून तांबडं दाखवून राहिलं?”

दीपमाला चोरी पकडल्यासारखी चपापली. मग पदर सावरत म्हणाली, “जागा बराबर दिली मामा. ह्यात सांगत्यात कोन्या जनावराला किती लागते ते. म्या गुंठ्यात हिशेब करून त्याच्याहून जास्ती दिली. तरी बी तांबडंच.”

“गुंठ्यानं जिमीन मोजत्यात. जनावराची जागा न्हाई मोजत.”

“मंग कशानं मोजायची?”

“दचकल्यावर कुठवर पळतं त्यानं. पळून, थांबून, माघारी वळून बघाया जेवढं रान लागतं, तेवढी त्याची जागा. वळून बघाया मिळालं न्हाई तर ते बसत न्हाई. आन त्ये चौकोनी काहून केलं? कोपरे मोड आधी.”

दीपमालानं कोपरे का मोडायचे ते विचारलं, आणि नामाजीनं जी गोष्ट सांगितली ती पंचफुलाबाईखेरीज घरात कुणाला माहीत नव्हती. तो पंचविशीत असताना कुणा शेतकऱ्यानं हौसेनं आपल्या वावरात काट्याचा चौकोनी वाडा करून दिला. मेंढके रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात, आणि ती नेहमी गोल लावतात. नामाजीला वाटलं, आयता वाडा मिळाला, एक रात्र वाघर कशाला सोडा. पहाटे लांडग्याचा वास आला. लांडगा आत आलाच नाही. पण भ्यालेली मेंढरं एका कोपऱ्यात एकावर एक चढली, आणि उजाडल्यावर खालून अकरा मेंढरं मेलेली निघाली. एकीलाही दात लागलेला नव्हता.

“ती लांडग्यानं न्हाई मारली माय. कोपऱ्यानं मारली. म्या मारली,” नामाजी म्हणाला.

दीपमालानं कोपरे काढले. कुंपण गोल केलं, एका बाजूला उंच गवत ठेवलं. काळवीट सावकाश त्या गवताशी गेलं, वळून बघितलं आणि पाय दुमडून बसलं. पट्टी हिरवी झाली. दीपमाला लहान पोरीसारखी टाळी वाजवून हसली आणि लगेच पदर तोंडावर घेतला. नामाजीही हसला. खुबा मोडल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता.

मग काय, रोजचंच झालं. जेवण झालं की नामाजी दाराकडं कान लावून बसायचा. “नेट गेलं का गं?” कुठल्याशा फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेली असताना नेट जावं म्हणून वाट बघणारा अख्ख्या तालुक्यात तो एकटाच माणूस असेल. दीपमालानं टेबल खाटेला लावलं आणि दहा-बारा दिवसांत माउस त्याच्या हातात आला. आधी तो माउस काठीसारखा आवळून धरायचा आणि जनावर भलतीकडं गेलं की त्यालाच “हुर्र, हुर्र” करायचा. पंचफुलाबाई दारात तांदूळ निवडत बसायची आणि म्हणायची, “अवो, त्याला ऐकू येत न्हाई.” नामाजी म्हणायचा, “तुला तरी कुठं येतं?”

त्याची एक फजिती मात्र सांगायलाच हवी. दीपमालानं खेळात लांडगा आणला. नामाजी सावरून बसला. ज्याच्याशी जन्मभराचं वैर, त्याच्यासाठी जागा करायची होती. दीपमालाला वाटलं, सासरा त्याला कुठंतरी खुराड्यात टाकील. पण नामाजीनं अख्खी टेकडी लांडग्याला दिली. झुडपं लावली, ओढा सोडला, गुहा केली. “ह्यो एका रातीत कालव्यापासून कळमनुरीपस्तोर जाऊन येतो. त्याला खोलीएवढ्या जागेत ठिवून कसं भागंल? दुस्मन झाला म्हनून काय झालं, त्याचं रान त्याला द्याया पायजे.”

कुंपण निवडताना त्यात वरून एका अंगाला वाकलेल्या काटेरी टोकांचं कुंपण होतं. टोकं कोणत्या अंगाला ठेवायची, दीपमालानं विचारलं. नामाजीनं क्षणाचाही विचार केला नाही. “भायेर! काट्याचे शेंडे कवाबी भायेरच राहत्यात. बुडखे आत, शेंडे भायेर.”

लांडगा आत सोडला. त्यानं एक फेरी मारली, कुंपणाशी आला, आतल्या अंगानं सरळ चढला आणि वाकलेल्या टोकांवरून अलगद बाहेर उतरला. माणसं सैरावैरा पळाली. आईस्क्रीमची गाडी पालथी झाली. लांडगा रस्त्याच्या मधोमध बसून राहिला. दीपमालाला हसू आवरेना. नामाजी पडद्याकडं बघतच राहिला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, “आगं, जल्मभर त्यो भायेरच होता की! त्याला आत ठिवायचं असतं हे म्या कवा शिकनार?”

शेंडे आत वळवले. लांडगा टेकडीवर गेला तो दिसेनासा झाला. माणसं तक्रार करायला लागली की लांडगा दिसत नाही. नामाजी खूश. “दिसला न्हाई म्हंजी सुखात हाय,” म्हणाला.

दिवस असे जात होते, पण घरात कुणी भाऊबीज विसरलं नव्हतं. दसरा झाला. शिवहारनं व्यापाऱ्याशी बोलून ठेवलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता. ते कळल्यावर पंचफुलाबाई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिनं ती मेंढरं नावानिशी वाढवली होती. दीपमालाच्या जिवाची तगमग सुरू झाली. सासऱ्याच्या तोंडाला लागलेलं हसू भाऊबीजेला जाणार, आणि या खेपेला गेलं तर परत येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिनं एक युक्ती केली. एका सकाळी गिऱ्हाईक नसताना तिनं खेळात एक वाडा बांधला, गोल, बिनकोपऱ्याचा, आणि त्यात मोजून एकतीस मेंढरं सोडली. दाराशी चारा, दाराशीच पाणी, वर पत्र्याची सावली. पट्टी हिरवीगार. मग सासऱ्याला हाक मारली. “मामा, बघा. कोंडल्याली हायत. पर हिरवी हायत.”

नामाजीनं बघितलं. खेळातली मेंढरं परदेशी, पांढरीफेक, गुबगुबीत. “ही मेंढरं हायत का कापसाच्या गाठी?” तो पुटपुटला. पण नजर हटवेना. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

“हिरवी हायत गं. पन ती चालून कुठं राहिली? सकाळपासून दाराशीच हुभी. चारा तिथं, पानी तिथं. ह्या पट्टीला खानं कळतं, पानी कळतं, जागा कळती. चालनं कळत न्हाई. मेंढराला जागा लागत न्हाई माय, वाट लागती.”

दीपमालाला रडूच आलं. “मंग वाट करा की मामा! तुमी करा!” ती म्हणाली, आणि आपण सासऱ्यावर आवाज चढवला हे तिच्या नंतर लक्षात आलं.

 दोन दिवस नामाजीनं खेळाकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, केंद्रात चार माणसं बसलेली असताना, तो एकदम म्हणाला, “दीपमाला, त्ये पानी उचलून पार त्या टोकाला ठिवता येतं का?”

तिथून पुढं दिवाळीपर्यंत त्या दोघांनी जे केलं त्याला खेळ म्हणायचं जिवावर येतं. दीपमालानं घरामागचं दोन एकर वावर जसंच्या तसं खेळात मांडलं. कोपऱ्यातली विहीर, बांधालगतचा उंचवटा, बांधावरची बोर आणि बाभूळ. बाभूळ खेळात नव्हती, म्हणून तिची आफ्रिकेतली कुणी चुलतबहीण लावली. आणि वावराच्या चारी अंगांनी, बांधाला धरून, नामाजीनं एक लांबच लांब वाडा काढला. गल्लीसारखा, वावराला वेढा घालून येणारा. रुंदी अशी, की समोरासमोर आलेली मेंढरं एकमेकींना बाजू देतील. वळणं सगळी गोल. पाणी विहिरीशी, चारा त्याच्या पार उलट्या टोकाला, मिठाचा खडा बोरीखाली, सावलीचा पत्रा उंचवट्यावर. तहान लागली की चालायचं, भूक लागली की चालायचं, बसायचं झालं तरी चालायचं. मधलं वावर मोकळं, त्यात हळद आणि मेंढरांसाठी लसूणघास. कुंपणाचे शेंडे बाहेर. या वेळी ते बरोबर होतं.

मेंढरं सोडली. आधी ती दाराशी घोटाळली. मग एक म्हातारी मेंढी पाण्याच्या अंगाला निघाली आणि तिच्यामागं बाकीच्या, एकीच्या मागं एक.  “चालली,” नामाजी म्हणाला. “चालली गं!” त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत.

पण शिवहारला कोण सांगणार? नामाजी स्वतःच ‘इका’ म्हणून बसला होता. आता शब्द फिरवायचा, आणि तोही मुलासमोर, ते त्याला जड जात होतं. उद्या सांगू, परवा सांगू करता करता भाऊबीज उजाडली. शिवहारची बहीण ओवाळून, जेवून सासरी परत गेली. दिवस कलताना शिवहार हात धुऊन पुढच्या खोलीत आला आणि म्हणाला, “बा, व्यापाऱ्याचा फोन आलता. सकाळी आठला येतो म्हनला.”

 पंचफुलाबाई दारात उभी राहिली. दीपमालानं एकदा सासऱ्याकडं बघितलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. 

“जरा बघ शिवा,” नामाजी म्हणाला. “मंग काय करायचं ते कर.”

शिवहार आधी वैतागला. दिवसभराचा थकलेला माणूस, त्याला पोरखेळ दाखवायचा म्हणजे काय. पण पडद्यावर नजर गेली आणि तो वाकला. “ही आपली हीर हाय का?” त्यानं विचारलं. मग बोर ओळखली, उंचवटा ओळखला. पुढं त्यानं टेम्पोचं इंजिन तपासावं तसा एकेक प्रश्न काढला. पाणी त्या टोकाला कसं जाईल? विहिरीतून नळी टाकू, दीपमाला म्हणाली. हळदीत मेंढरं शिरली तर? मधलं कुंपण आहे. कुत्री, लांडगे? नामाजीनं काट्याचे शेंडे दाखवले. कोकरांना वेगळं ठेवायचं झालं तर? तेही होतं. बोरीजवळ एक गोल खोपा काढलेला होता. शिवहारनं मान हलवली. त्याला पटत चाललं होतं, हे पंचफुलाबाईला त्याच्या पाठीवरूनच कळलं.

“आन बघनार कोन?” त्यानं विचारलं.

“तुजी माय हाय. दीपमाला हाय दुपारची,” नामाजी घाईनं म्हणाला. “तुला तकलीफ व्हायची न्हाई.”

“आन तुमी?”

“माजं काय? म्या हाय हितं खाटंवर. खिडकीतून आवाज येतोय की.”

शिवहार सरळ उभा राहिला.  मग बापाकडं न बघताच बोलायला लागला, आणि इतकं त्याला एका दमात बोलताना त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं.

“बा, म्या मेंढरं इकायची काहून म्हनलो, ठावं हाय का तुमाला? मला काम पडतं म्हनून न्हाई. ती हितं मागं वरडत राहतील, आन तुमी खाटंवर पडून ऐकत राहताल. उठाया येनार न्हाई, जाया येनार न्हाई. तुमी झुरून जाताल, बा. म्हनून म्हनलो, नजरंआडच जाऊ द्या. आन आता तुमी समदं केलं. मेंढराला वाट केली, कोकराला खोपा केला, मिठाच्या खड्याला बी जागा केली. ह्यात तुमी कुठं हायेत? तुमची जागा कुठं हाय?”

 नामाजीनं खरोखरच तो विचार केला नव्हता. दीपमालानंही केला नव्हता, आणि त्याची तिला फार लाज वाटली.

“तुमच्याबिगर मेंढरं ठिवायची असतील तर मला ती नगंत. उद्या जाऊ द्या,” शिवहार म्हणाला. 

 दीपमालानं खेळातल्या वस्तूंची यादी उघडली. खाट त्यात नव्हती. बघायला येणाऱ्या माणसांसाठी एक लाकडी बाकडं होतं. ते उचलून तिनं वाड्याच्या आत, उंचवट्यावर, पत्र्याच्या सावलीत ठेवलं आणि एक माणूस उचलून त्या बाकड्यावर बसवला. मेंढरं थबकली. मग म्हातारी मेंढी त्याच्याजवळ गेली आणि बाकीच्या तिच्यामागं गेल्या.

तोच पडद्यावर तांबडी पाटी उमटली आणि घंटा वाजायला लागली.

“काय म्हनून राहिलं ते?” शिवहारनं विचारलं.

दीपमालानं वाचलं. “म्हनतंय, एक मानूस चुकून जनावराच्या कुंपनात शिरलाय. त्याला लगीच भायेर काढा.”

शिवहारनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

“त्याला सांग, त्यो मानूस तिथलाच हाय.”

पंचफुलाबाई दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. घंटा वाजत होती ती कुणी बंद केली नाही. बऱ्याच वेळानं नामाजीनं खाटेच्या कडेवरून पाय खाली सोडले. पाय जमिनीला टेकवून तो तसाच बसला.

“आगं,” त्यानं बायकोला विचारलं, “हितून त्या उंचवट्यापस्तोर किती पावलं होतील?”

“शंभरावर धा,” पंचफुलाबाई लगेच म्हणाली. तो पडल्यापासून, कधीतरी तो तिथवर चालेल या आशेनं, ती रोज ती पावलं मोजत होती, पण हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नामाजीनं मान हलवली. “लई हायत,” तो म्हणाला. मग शिवहारकडं हात केला. “धर रं मला. आज दारापस्तोर जाऊ.”